सतरंजीवरची तालीम

तापात माझ्या छकुलीला झटका आला, तेव्हापासून पाळणाघरवाल्या मावशी तिला घ्यायला तयार नव्हत्या.

"घाबरून मी तोंडात चमचा घालेन गं तिच्या!"

"डॉक्टर म्हणाले, ताप आला की पुन्हा झटका येऊ शकतो. पण बहुतेक मुलं मोठी होता होता यातून सुटतात," मी म्हटलं आणि सरळ त्यांच्या सतरंजीवर आडवी झाले. "समजा, मी छकुली. कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर थेट दवाखाना. थांबलं, तरी मला लगेच फोन."

"छकुली कसली, पोतं आहेस नुसतं!" मावशींनी ढकलत ढकलत मला वळवलं. छकुली टाळ्या पिटत होती.

"पुन्हा," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा वळवून मावशी धापा टाकत म्हणाल्या, "उद्या आण तिला. तुझ्यापेक्षा हलकी तरी आहे."