सायकलहोडीला मोटर

पायाने चालणाऱ्या होडीला आता मोटर बसवायची आहे, असं ह्यांनी जेवता जेवता सांगितलं आणि मी तव्यावरची भाकरी विसरले. करपली. दोन वर्षांपूर्वी हीच होडी घरी आली तेव्हा ह्याच माणसाने मला समजावलं होतं की प्रमिला, हिला वल्हं नको, इंजिन नको, नुसते पाय पाहिजेत. मुरबाडकडच्या एका फार्महाउसवाल्याची हौस फिटली होती, ह्यांची सुरू झाली. पिवळी, लांबलचक होडी, मध्ये खुर्ची आणि खुर्चीपुढे सायकलसारखी दोन पायडलं. ती मारली की खाली पाण्यात पंखा फिरतो, होडी पुढे जाते आणि गळ टाकायला हात मोकळे राहतात. कयाक म्हणतात तिला. आमच्या सापगावात पहिल्याच दिवशी तिचं नाव सायकलहोडी पडलं.

आमचे हे, भरत, आठवडाभर आसनगावहून कल्याणला कंपनीत जाणार आणि रविवारी धरणाच्या पाण्यावर जाऊन बसणार. दारू नाही, पत्ते नाहीत, फक्त मासे. म्हणून मी फार बोलत नसे. पण त्या पावसाळ्यात ह्यांनी एकेक थेरं सुरू केली होती. मोटरसायकल बंद करून स्टेशनला शेअर रिक्षाने जायला लागले, म्हणे पार्किंगची कटकट. चपला टाकून पट्ट्याचे सँडल घेतले आणि घरातही तेच घालून फिरायला लागले. मी म्हटलं, घरात नवाब जन्माला आला. त्यावर आता दोन पायडलं मारायचाही कंटाळा! माझी सासू धोंडूबाई मेली तरी लेकाची बाजू सोडणार नाही, पण तीसुद्धा म्हणाली की देवानं पाय काय शोभेला दिलेत का? हे नुसते हसले. मला ते हसणं निगरगट्ट वाटलं.

मोटर कुरियरने आली. विहिरीवरच्या पंपासारखं काही धूड असेल अशी माझी कल्पना. हा तर एक काळा दांडा निघाला. वरती मूठ, खाली टोकाला छोटीशी मोटर आणि तिला दोन पात्यांचा पंखा. ट्रोलिंग मोटर म्हणे. धूर नाही, आवाज नाही, मासे बुजत नाहीत. शहापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून होडीच्या शेपटाला बसेल अशी लोखंडी पट्टी करून आणली. ई-रिक्षाची बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, वायरीत फ्यूज टाकला. डबा मागे ठेवला तर होडीचं नाक आभाळाकडे जाईल, म्हणून तो पुढे पायांपाशी सरकवला. मागची मूठ हाताला पोचेना, तर तिला नळाचा पांढरा पाइप जोडून खुर्चीपर्यंत आणला. वल्हं होतं, पण जागा अडवतं म्हणून ते ओटीवरच राहिलं. हे सगळं रोज कामावरून आल्यावर, जेवायच्या आधी. नुसत्या हौसेपायी माणूस इतका घाम गाळत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पहिली फेरी दसऱ्याला ठरली. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळा, शिलाई मशीन, मिक्सर, जे जे कामाला येतं त्याला हार पडतो. माझा धाकटा दीर हेमंत, त्याच्या टेम्पोतून होडी धरणावर नेली. काठावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हळदकुंकवाचं ताट काढलं. झेंडूचा हार त्यांनी पहाटे उठून स्वतः ओवला होता आणि तो ओवला होता ह्यांच्या गळाच्या नायलॉनच्या तंगुसात. साधा दोरा दरवर्षी तुटतो आणि दसऱ्याचा हार तुटलेला त्यांना खपत नाही. तंगूस माणूस लोंबकळला तरी तुटत नाही. मोटरीचं तोंड कोणतं यावर थोडा वाद झाला. शेवटी पंख्याच्या वर, दांड्याला दोन वेढे देऊन हार बांधला. हे म्हणाले, पाण्यात जाताना काढून ठेवतो. आईंनी डोळे वटारले. दिवस मावळायच्या आत हार काढायचा नसतो. आईंपुढे आमच्या घरात कोणाचं चालत नाही, हार राहिला.

बेत असा होता की समोरच्या डोंगराखाली आपट्याची झाडं आहेत, तिथवर मोटरीने जायचं आणि सगळ्यांसाठी सोनं तोडून आणायचं. याला म्हणतात सीमोल्लंघन, असं हेमंत सगळ्यांना सांगत सुटला होता. निम्मी आळी काठावर जमली. हे होडीत बसले, पाइप पिळला, आणि सगळे बघतच राहिले. पाय हलत नाहीत, हात हलत नाहीत, आवाज नाही, आणि माणूस आपला पाण्यावरून चाललाय. आईंनी हात जोडले. माझीसुद्धा छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मधोमध होडी थांबली.

आधी वाटलं, फोटोसाठी थांबले. मग वाऱ्याने होडीचं नाक फिरवलं. हे पाइप ओढत होते, ढकलत होते. हेमंतने फोन लावला. तिकडून कळलं की हार घसरून पंख्यात गेला, तंगूस दांड्याला आवळलं आणि मोटर जाम झाली. हेमंतने ते मोठ्याने सांगितलं तेव्हा काठावर हशा पिकला. आई ओशाळल्या. हेमंत फोनवर म्हणाला, "दादा, मग पायडल मार की."

ह्यांनी फोन बंद केला.

वारा होडीला उजवीकडे नेत होता. तिकडे बुडालेल्या झाडांची सुकी खोडं पाण्यावर आलेली आहेत, तिथे होडी आडवी लागली तर उलटायला वेळ लागत नाही. आता हसणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं. पायडल मार, पायडल मार, सगळा काठ ओरडत होता. मीही ओरडत होते. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता. ह्यांचा उजवा गुडघा वर आला, खाली गेला, आणि मग सगळं थांबलं. पुन्हा उजवा गुडघा. पुन्हा थांबलं. मग ह्यांनी वाकून, दोन्ही हातांनी पँटचं कापड धरून, डावा पाय उचलला आणि पायडलवर ठेवला. तो घसरून खाली पडला. पुन्हा उचलला.

मी ओरडायची थांबले. माझे सासरे असाच पाय उचलून ठेवायचे. पायजम्याला धरून, एखादं ओझं ठेवावं तसा. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले, आणि शेवटपर्यंत मी त्यांना कुशीवर वळवत राहिले. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने पडतो. चप्पल डाव्या पायातून निसटते. मी आईंकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. त्या मटकन खाली बसल्या, कोणाला वाटलं हाराचं लागलं मनाला.

वाडीवरचा गणू जाळी लावायला धरणात उतरतो. त्याचा तराफा काठाला होता, पोत्यात शिवलेला थर्माकोल आणि वर फळ्या. मी काही न विचारता त्यावर जाऊन बसले. मला पोहता येत नाही हे त्यावर बसल्यावर आठवलं. गणूची बायको मैना म्हणाली, गो वहिनी, हात सोडू नको, आणि तिने तराफा ढकलला. गणू दोन्ही हातांत लाकडी पाट्या घेऊन पाणी मारत निघाला. तराफा होडीला टेकला तेव्हा खोडं अगदी जवळ आली होती. गणूने एका हाताने होडी धरली, मागे सरकून कोयतीने तंगूस कापायला घेतलं आणि आमच्याकडे पाठ केली.

हे माझ्याकडे बघेनात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून. पाऊल उचलत नाय."

डॉक्टर? दाखवला होता, कल्याणला, मला न सांगता. त्याने नसांच्या मोठ्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. हे गेलेच नाहीत. का, तर तो बाबांच्याच आजाराचं नाव घेईल म्हणून. न गेल्याने आजार जातो असं कुठल्या शाळेत शिकवतात हे मला त्यांना विचारायचं होतं, पण तेवढ्यात हे बोलायला लागले.

"बाबांचं सगळं तू केलंस," हे म्हणाले. "शेवटाला तुझी कंबर गेली. मी बघितलंय ना. परत तेच तुझ्या गळ्यात कसं घालू? वाटलं, मोटर लावली की कोनाला कळनार नाय. दोन-तीन वर्सं तरी जातील."

मला इतका राग आला की मी त्यांना पाण्यात ढकलून दिलं असतं. ज्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलं तरी मला कळतं, त्याचा अख्खा पाय माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी त्याला नवाब म्हणत बसले. आणि हा माणूस मला वाचवायला निघाला होता, पाण्यावर एकटा, बिनवल्ह्याचा. मी रडत होते, शिव्याही देत होते. गणूने मान वळवली नाही.

तंगूस सुटलं. झेंडूची फुलं पाण्यावर पसरली. पाइप पिळल्यावर मोटर निमूट सुरू झाली. गणूने तराफा होडीला दोरीने बांधला आणि आम्ही काठाकडे निघालो.

"काठावर काय बोलू नको," हे हळूच म्हणाले. "सगळे पांगले की उतरतो मी. सोमवारी जाऊ डॉक्टरकडं, शप्पथ. पण ह्या लोकांसमोर नको."

बाबांच्या वेळीही आम्ही असंच केलं होतं. पाय मुरगळला, वात आहे, थंडी बाधली, असं सांगत सांगत वर्ष काढलं होतं, आणि सगळं कळलं तेव्हा उचलायला घरात मी एकटी उरले होते.

होडीचं नाक वाळूला लागलं. हेमंत कमरेवर हात ठेवून उभा होता. सोनं कुठंय दादा, मोटरवाले रिकाम्या हातानं आले, असं काहीबाही बोलत होता आणि लोक हसत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं तोंड मी त्यांचं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

मी तराफ्यावरून गुडघाभर पाण्यात उतरले, होडीपाशी गेले आणि त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घेतला.

"ह्यांचा डावा पाय चालत नाय," मी काठाला ऐकू जाईल असं म्हटलं. "बाबांचं झालं तसं असंल. या बाजूनं मी धरलंय. त्या बाजूनं कोनतरी या."

कोणी हललं नाही. मग हेमंत चपलांसकट पाण्यात उतरला, आणि त्याच्या मागून आई.