बाळाच्या कपाळावरच्या रेघा

चौथ्या कागदावरही बाळाच्या कपाळावर आडव्या रेघा उमटल्या तेव्हा मी प्रिंटरला एक चापट मारली.

"अगं, यंत्र आहे ते," आमचे हे म्हणाले.

"माहितीये. माणूस असता तर जोरात मारली असती."

सकाळी दहापासून माझं डोकं फिरलं होतं. बाळ म्हणजे माझ्या द्वारकाताईची पणती. ताईची नात अपूर्वा बंगळूरला असते, बारसंही तिकडेच झालं. ताई विश्रांतवाडीला, वय एकोणऐंशी, एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याच्या पडद्याला सूज. दर महिन्याला त्या डोळ्यात इंजेक्शन. आठ घेतली आणि आता नववं घेणार नाही म्हणून हटून बसली होती. हे चुकलं तर उरलेल्या नजरेची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"डोळ्यात सुई टोचून घ्यायची आणि बघायचं काय, तर भिंत?" ताई म्हणाली होती. मोबाइलवर तिला नुसता उजेड दिसतो आणि डोळ्यांना पाणी येतं. म्हणून रविवारी मीच म्हटलं होतं, "गुरुवारी पणतीचा मोठा फोटो आणते. तो बघ, मग ठरव." "आण. दिसली तर जाईन," एवढंच ती म्हणाली.

आज गुरुवार. डॉक्टरांची वेळ चारची.

आणि हा प्रिंटर! आधी कॉम्प्युटर म्हणे, प्रिंटर सापडत नाही. शेजारी दीड हातावर होता. ह्यांनी वायफायचा पासवर्ड बदलला होता आणि ते प्रिंटरला कळवायचं राहिलं होतं. मग कागद अडकला. का, तर ह्यांनी ट्रेमध्ये सोसायटीच्या नोटिसांचे पाठकोरे कागद भरून ठेवलेले, त्यातल्या एकाला पिन तशीच होती. एवढं निस्तरून फोटोचा कागद घातला तर तो उलटा. चकचकीत बाजू खाली गेली आणि फोटो हाताला लागून पुसला गेला. दुसऱ्या कागदावर बाळ जांभळं झालं, कारण कॉम्प्युटरवर 'साधा कागद' निवडलेला. तिसऱ्यावर रंग जमला आणि रेघा आल्या. चांगल्या सात.

मी चष्मा लावून पुस्तिका काढली. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे तो शाईची भोकं झाकून घेतो. थेट वीज तोडली तर ती उघडी राहून सुकतात.

"आपण कसा बंद करतो हो?" मी गोड आवाजात विचारलं.

"भिंतीवरच्या बटणाने," हे म्हणाले. "वीज वाचते."

"तीन वर्षं वाचवलीत. आता तिचं काय करायचं ठरवलंय?"

पुस्तिकेत भोकं साफ करायचा उपाय होता. एकदा केला, तेव्हा चौथ्या कागदावर सातच्या चार रेघा झाल्या. पुन्हा दोनदा केला, तर साफसफाईतच शाई संपत आली आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत पळावं म्हटलं, तर एक वाजून गेला होता आणि त्यांचं शटर चारला उघडतं. पाकिटात शेवटचा कागद होता. देवाचं नाव घेऊन तो घातला.

दोन रेघा. काडीएवढ्या, पांढऱ्या, बरोबर कपाळावर.

"एवढं काही वाटत नाही," हे म्हणाले. "आणि द्वारकाताईंना तसंही कुठे..."

पुढचं त्यांनी गिळलं. मी भांडलेही नाही. फोटो एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घातला आणि रिक्षात बसले. मला रडू येत होतं. ताईने मला आईच्या माघारी वाढवलं, आणि मला तिला एक धड फोटो देता येत नव्हता.

विश्रांतवाडीला पोचेपर्यंत सव्वातीन झाले. ताईची सून नम्रता फाइल हातात घेऊन दारातच उभी होती. "मावशी, साडी बदलायलाही तयार नाहीत. मी खाली गाडी काढते, तुम्ही बघा काही होतंय का."

ताई खिडकीशी बसली होती. तिने फोटो घेतला, नाकापाशी नेला आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहू लागली. तिला तसंच दिसतं.

"जावळ किती दाट आहे गं," ती म्हणाली. "आणि हनुवटी अगदी अपूर्वाची."

मग तिचा चेहरा बदलला. तिने फोटो लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"वासंती, हिच्या कपाळावर रेघा दिसताहेत. आडव्या. दोन."

सकाळपासूनचं सगळं माझ्या ओठांवर आलं. वीज, भोकं, शाई, सगळं.

"डॉक्टर म्हणाले होते, नसलेल्या रेघा दिसायला लागल्या तर दुखणं वाढलं समजा." ताईला घाबरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "खरं सांग, तुला दिसताहेत?"

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्या उन्हात दोन्ही रेघा मला स्वच्छ दिसत होत्या.

"नाही गं ताई," मी म्हटलं. "फोटो चांगला आलाय."

तिने फोटो खिडकीत ठेवला. मग खुर्चीचा हात धरून उठली.

"कपाटातली निळी साडी दे. किती वाजले? नम्रताला म्हणावं, थांब, मी येतेय. या पोरीचा चेहरा मला नीट बघायचाय."

मी कपाट उघडलं आणि दाराआड तोंड लपवलं. निळी साडी समोरच होती. ती काढायला मला बराच वेळ लागला.