सगळ्यांचंच बंद होतंय

चाळिशी ओलांडली, वाचायचा चष्मा लागला, खोक्यांची डिझाइनं करून देणाऱ्या दोन माणसांच्या ऑफिसची मालकीण झाली, तरी काका तिला धाकटीच म्हणत. गिऱ्हाइकं मॅडम म्हणून सुरुवात करत आणि दहा मिनिटं बसली की त्यांच्याही तोंडी धाकटीच यायचं. काका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ. साबणाची खोकी, चहाचे डबे, औषधांची वेष्टनं, हे सगळं काम तिला त्यांनीच शिकवलेलं. खोकं पडद्यावर कितीही देखणं दिसलं तरी काका ते साध्या कागदावर छापून, कापून, घडी घालून टेबलावर उभं करायचे आणि चारी बाजूंनी बघायचे. "पडद्याला पाठ नसते," असं त्यांचं म्हणणं.

गेली अठरा वर्षं दोघं एकाच सॉफ्टवेअरवर काम करत होते. आधी ते विकत मिळायचं, एकदा घेतलं की आपलं. मग कंपनीला भाडं खायची चटक लागली. दर वर्षी भाडं चढायचं आणि दर वर्षी धाकटी कंपनीच्या नावाने बोटं मोडत ते भरायची. यंदाचं पत्र मात्र वेगळं होतं. दोघांना मिळून असलेला सवलतीचा दर बंद. आता माणशी वेगळं भाडं, तेही जवळजवळ दुप्पट. एकटा माणूस असेल आणि महिनाअखेरीच्या आत त्याने पुन्हा नोंदणी केली, तर त्याला दोन वर्षं जुनाच दर. मध्ये खंड पडला की मात्र नवा.

धाकटीने मग दुसरं एक सॉफ्टवेअर दोन आठवडे वापरून बघितलं. ते स्वस्त होतं, इंटरनेटवर कुठेही उघडायचं, रंगही छान दाखवायचं. फक्त खोकं घडीला कुठे दुमडतं आणि कापायची रेघ कुठून जाते, याचा त्याला पत्ताच नसे. ती रेघ आपण हाताने काढायची आणि छपाईला पाठवण्याआधी आठवणीने पुसायची. पोस्टरं करणाऱ्याला ते चाललं असतं. खोकी करणाऱ्याला म्हणजे एक हात पाठीला बांधून काम करण्यासारखं होतं.

दोघांसाठी जुनं ठेवणं परवडत नव्हतं. दोघांसाठी नवं घेतलं असतं, पण ते तिला स्वतःला नको होतं. मग एकाला जुनं आणि एकाला नवं, एवढाच मार्ग राहिला. कोणाला कोणतं, हे ठरवायला जेवढा वेळ लागायला हवा होता, तेवढा काही धाकटीला लागला नाही. जुन्यावर तिने आपलं नाव घातलं आणि नवं काकांच्या गळ्यात मारायचं ठरवलं.

हे सरळ सांगितलं असतं तरी काका रुसले नसते. "मालकीण तू, मोठी कामं तुझ्याकडे," म्हणाले असते आणि विषय संपला असता. पण ती सांगायला गेली तेव्हा काका औषधाच्या खोक्याची घडी घालत होते. त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं आणि धाकटीच्या जिभेने सोपी वाट धरली.

"काका, जुनं सॉफ्टवेअर बंद होतंय."

"आपलं?"

"सगळ्यांचंच बंद होतंय. कंपनीच गुंडाळतेय ते."

"अरेरे," काका म्हणाले, जणू कोणी ओळखीचं आजारी पडलं होतं. "बरं, मग नवं शिकायला हवं. दाखव."

एका खोट्याच्या पाठीवर दुसरं आलंच. ती जुन्यावर काम करत होती आणि तिचा पडदा काकांच्या खुर्चीतून दिसायचा. "खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो," असं सांगून तिने आपलं टेबल फिरवून घेतलं. फिरवताना दुसरं टोक काकांनीच उचललं. वर, "बरं केलंस, डोळे जप," असंही म्हणाले. त्या दिवशी धाकटीला जेवण गेलं नाही.

काकांनी एक निळी वही आणली आणि बासष्टाव्या वर्षी पहिलीतल्या मुलासारखा अभ्यास सुरू केला. रेघ कशी काढायची, कोणत्या रंगाची, कधी पुसायची, सगळं नंबर घालून लिहिलं. पूर्वी अर्ध्या दिवसात होणाऱ्या खोक्याला आता दीड दिवस लागायचा. पण कुरकुर नाही. "कंपनीच उठली तर आपण काय करणार?" म्हणायचे, आणि ती आपल्या फिरवलेल्या टेबलामागे मूग गिळून बसायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. काका पाणी प्यायला उठले तरी तिचा हात खिडकी मिटवायला धावायचा, तीही पडद्यावरची.

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी पाटीवाले आले.

पाटीवाले म्हणजे काकांचे चाळीस वर्षांचे दोस्त. तरुणपणी दोघं शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुढे काका खोक्यांकडे वळले आणि हे पाट्यांनाच चिकटून राहिले. एकटेच काम करायचे, त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर. आज ते खुर्चीतही बसले नाहीत.

"काय रे, बंद होतंय म्हणालास ना? सगळ्यांचंच बंद होतंय म्हणालास! दुकान मांडून बसलेत ते अजून!"

"कोण?" काकांना कळेना.

"कंपनी! त्यांची पत्रं आली, मी म्हटलं बंद होणाऱ्या कंपनीची पत्रं काय वाचायची? टाकली कचऱ्यात. तारीख गेली. आता जुना दर गेला तो गेलाच. आणि त्या हॉस्पिटलच्या दोनशे पाट्या आहेत, सगळे नंबर बदलायचेत, आणि एक फाइल उघडेल तर शपथ! उघडायची तर नवं भाडं भरा म्हणे. तुझ्या शब्दावर गेलो मी, बाबा."

काकांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर रागबीग काही नव्हता, नुसता प्रश्न होता.

"धाकटे, तू तसंच म्हणाली होतीस ना?"

खरं बोलायला ती एवढी जागा पुरेशी होती. पण पाटीवाले उभे होते, घाम पुसत तिच्याकडे बघत होते, आणि परक्यासमोर खोटारडी ठरायची तिला भीती वाटली.

"दर वाढतोय म्हणाले होते मी, काका."

"असं म्हणाली होतीस?"

"हो."

काकांनी समोरचं घडी घातलेलं खोकं बाजूला सारलं. मग पाटीवाल्यांचा हात धरून म्हणाले, "माझंच चुकलं रे. माफ कर." पाटीवाल्यांचा आवाज एकदम खाली आला. ते निघून गेले. धाकटीला वाटलं, सुटले. इतकं हलकं वाटल्याबद्दल तिला पुढे कित्येक दिवस स्वतःची किळस येत राहिली.

कारण त्या दिवसापासून काका बदलले. खोकं झालं की तिच्याकडे आणून म्हणायचे, "एकदा बघ गं, रेघ पुसली ना मी?" पुसलेली असायची. गिऱ्हाइकाचा फोन आला की, "तूच बोल. मी ऐकेन एक आणि सांगेन भलतंच." सकाळी आल्या आल्या वहीत तारीख आणि वार लिहायचे. जेवताना एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादाचं सुरू झालं तेव्हा किती वर्षांचा होता तो?"

दादा म्हणजे धाकटीचे वडील. शेवटची चार वर्षं त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. सुरुवात अशीच झाली होती, कोण काय म्हणालं यावरून. "मी असं म्हणालोच नव्हतो," यावरून घरात भांडणं व्हायची. शेवटी शेवटी ते धाकटीला बाई म्हणून हाक मारायचे आणि घरी कधी सोडणार ते विचारायचे. त्यांना भरवायला रोज काका यायचे.

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका छपाईवाल्याकडे गेले असताना ती एका खोक्याचं माप शोधायला त्यांच्या टेबलाशी गेली. निळी वही उघडीच होती. रेघांचे नियम सोळाव्या नंबरला थांबले होते. खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं: काहीही ऐकलं तर धाकटीला दोनदा विचारणे. त्याखाली: पाटीवाल्याकडे जाऊन पुन्हा माफी. आणि त्याखाली: गुरुवार, सकाळी दहा, दादाचे डॉक्टर. धाकटीला सांगू नये, घाबरेल.

ती काकांच्याच खुर्चीत बसली. आपण या माणसाचं सॉफ्टवेअर काढून घेतलं, ते एक वेळ ठीक. आता आपण त्याचं डोकंच काढून घेत होतो, आणि वर तो आपल्याला घाबरवू नये म्हणून धडपडत होता.

काका परत आले तेव्हा ती तिथेच बसलेली होती. त्यांनी वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वाचलंस का? अगं, नुसतं दाखवून घ्यायचं. काही निघणार नाही."

"काका, मी खोटं बोलले. दोनदा."

मग तिने सगळं सांगितलं. माणशी भाडं, दोन आठवड्यांची तुलना, स्वतःचं नाव, कंपनी गुंडाळतेय ही थाप, पाटीवाल्यांसमोर फिरवलेला शब्द. सांगताना तिने मान वर केली नाही. आता काका ओरडतील, निदान उठून जातील, अशी तिने मनाची तयारी केली होती. तिला ते हवंच होतं.

"म्हणजे, सगळ्यांचंच बंद होतंय, असंच म्हणाली होतीस तू?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी खोक्याची घडी घालत होतो तेव्हा? औषधाच्या?"

"हो, काका."

"आणि टेबल उजेडासाठी नव्हतं फिरवलं."

"नाही."

काकांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. ते हसले, चक्क हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. "मग माझं डोकं ठिकाणावर आहे! अगं, एकूणएक आठवतंय मला! बरं झालं गं. फार बरं झालं."

धाकटीला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. ती रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. पेन घेऊन त्यांनी गुरुवारची ओळ खोडली, एकदा नाही, तीनदा. पाटीवाल्याची ओळ मात्र तशीच ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"हे आता तुझं काम. त्याच्या फायली तुझ्या मशीनवर उघडतील ना?"

"उघडतील."

"मग त्याला इथे बोलाव. दोनशे पाट्यांचे नंबर तू बदलून द्यायचेस. पण आधी फोन लाव. मी नाही बोलणार, तू बोल."

तिने फोन लावला. पलीकडून पाटीवाल्यांचा आवाज आला. काका शेजारी उभे राहिले, छपाईला जाण्याआधीचा शेवटचा कागद तपासताना उभे राहायचे तसे, एकेक शब्दावर मान डोलावत.

"मी धाकटी बोलतेय. काकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं ते मीच त्यांना सांगितलं होतं. जुनं सॉफ्टवेअर बंद होतंय, कंपनी गुंडाळतेय, असं मीच म्हणाले होते. ते खोटं होतं. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर बोलले तेही खोटं होतं."

ती थांबली.

"सगळ्यांचंच," काका हळू आवाजात म्हणाले. "ते राहिलं."

"सगळ्यांचंच बंद होतंय," धाकटी फोनमध्ये म्हणाली, "असं म्हणाले होते मी."

काकांनी मान डोलावली आणि तिच्या फिरवलेल्या टेबलाचं एक टोक धरून तिच्यासाठी थांबले.