अकरा नंबरची गाडी

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या त्या गोदामात माल उतरवण्याचा एक कायदा होता. तो कुठंच लिहिलेला नव्हता, म्हणूनच की काय, सगळे तो काटेकोर पाळत. गाडी आली की मुनीम तिला नंबर देणार. नंबर मिळाला की ड्रायव्हरनं गाडीखाली बारदाना अंथरून झोपायचं. त्याची पाळी आली की हमालांचा मुकादम त्याला उठवणार, आणि त्याआधी झोपलेल्या ड्रायव्हरला कोणी हात लावायचा नाही. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाची झोप मोडणं तिथं पाप मानत. कायदा वाईट नव्हता, मायेपोटीच रूढ झालेला होता.

मुकादम होता शालिकराम. मूळचा नरखेडकडचा, बावन्न वर्षांचा, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. निदान महिनाभरापूर्वीपर्यंत तरी तसाच होता. महिन्यापूर्वी एक दणकट ड्रायव्हर गाडीखाली असा वेडावाकडा पडला होता, की शालिकरामला शंका आली. त्यानं त्याला गदागदा हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तो गडी उठला तो आईमाई काढतच उठला आणि चाळीस हमालांसमोर त्यानं शालिकरामची गचांडी धरली. तेव्हापासून शालिकरामचं नाव 'डॉक्टर' पडलं. चहाच्या टपरीवर कोणीतरी मनगट पुढं करून म्हणायचं, "डॉक्टर, पाहा नं गा, जिता हावो का मी?" शालिकराम ते हसण्यावारी न्यायचा, पण या वयात चारचौघांत झालेली ती शोभा त्याच्या मनाला फार लागली होती.

नवतपाचा चौथा दिवस होता. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात हे नऊ दिवस असे येतात की सकाळी दहालाच रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या दिवशी अकरा नंबर मिळाला ताराचंदला. उमरेडचा माणूस, घरात आजापणजापासून हातमाग, हा मात्र माग सोडून ट्रकवर चढलेला. रायपूरहून आला होता, क्लीनर वाटेतच आपल्या गावी उतरून गेल्यानं एकटाच होता. माठाशी येऊन लागोपाठ तीन गिलास पाणी प्याला.

"मुकादम, नंबर कधी लागन जी?"

"चार तं वाजतीनच."

"मंग पडतो जरासाक," म्हणून तो गेला. चेहरा उतरलेला दिसला खरा, पण नवतपात कोणाचा चेहरा टवटवीत असतो?

दीडच्या सुमारास शालिकराम गाड्यांच्या रांगेतून चालला होता. अकरा नंबरच्या गाडीखाली ताराचंद तोंडावर दुपट्टा घेऊन पडला होता. ऊन कलल्यामुळे सावली सरकली होती आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उन्हात आले होते. शालिकराम थबकला. कितीही गाढ झोपेतला माणूस उन्हाचा चटका बसला की पाय ओढून घेतो. या माणसानं घेतले नव्हते.

तो उकिडवा बसला. "ओ, ड्रायव्हरभाऊ," त्यानं हाक मारली. खरं सांगायचं तर ती हाक इतकी हळू होती, की जागा असता तरी ताराचंदला ऐकू आली नसती. कोणी बघत नाही ना, हे पाहून त्यानं त्याच्या पोटरीला हात लावला. पोटरी तापलेली होती आणि कोरडी ठाक होती. सगळ्या गोदामात घामानं निथळत नव्हता असा एक माणूस नव्हता, आणि हा कोरडा. शालिकरामचा काका एकदा संत्र्याच्या बागेत असाच कोरडा सापडला होता. बापानं त्याला उचलून विहिरीशेजारच्या हौदात टाकलं, म्हणून तो वाचला. ऊन लागलेल्या माणसाचा घाम थांबला की वेळ उरलेला नसतो, हे शालिकरामला पोरवयापासून ठाऊक होतं. तेव्हा त्याला कळलं नाही, असं कोणी म्हणू नये. त्याला चांगलं कळलं होतं.

समोर शेडच्या सावलीत हमाल डबे उघडून बसले होते. त्यातला मार्तंड, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तिथूनच ओरडला, "काय गा डॉक्टर, आज कोणाची नाडी पाहून राहिला?"

सगळे हसले. शालिकराम ताडकन उभा राहिला आणि चप्पल झटकल्यासारखं केलं. त्या हसण्याची त्याला एवढी भीती वाटली, याचं पुढं त्यालाच नवल वाटत राहिलं. वाघ नव्हता, पोलीस नव्हता, डब्यातली भाकर खाणारी आपलीच माणसं होती.

तरी जीव राहिना. मुनीम मनोहररावांच्या केबिनमध्ये कूलर चालू होता. शालिकराम दारातून म्हणाला, "अकरा नंबरवाला काही बरोबर नाही दिसून राहिला जी."

मनोहररावांनी खिडकीतून पाहिलं. गाडीपासून वीस पावलांवर चाळीस माणसं निवांत जेवत होती. "अरे, काही असतं तर ही माणसं अशी बसली असती का? झोपू दे बिचाऱ्याला. नंबर आला की उठवू," ते म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

आता हमालांचं पाहा. मुकादमानं वाकून पाहिलं, मुनिमानं खिडकीतून पाहिलं, दोघांनीही काही केलं नाही, म्हणजे काही नसेलच, असं ते समजले. मुनीम हमालांकडं पाहून निश्चिंत झाले, हमाल मुनिमाकडं पाहून. मधल्या मध्ये शालिकरामनं दोघांकडं पाहिलं आणि आपल्याच हाताला कळलेलं खोटं मानलं. एकच माणूस तिथं असता, अगदी मार्तंडसारखा टवाळ का असेना, तरी त्यानं ताराचंदला खेचून पाण्याखाली घातलं असतं. चाळीस जण होते, हेच ताराचंदचं वाईट नशीब.

त्यानंतर शालिकराम दोनदा तिथून गेला. दोन्ही वेळा त्यानं मान दुसरीकडं वळवली.

पावणेचारला अकरा नंबर पुकारला गेला. शालिकराम उठवायला गेला, दुपट्टा बाजूला केला आणि पाण्यासाठी ओरडला. मग काय ती धावपळ. कोणी बर्फ आणला, कोणी बादल्या ओतल्या, मार्तंड तळवे चोळत राहिला, मनोहरराव कूलरच उचलून बाहेर घेऊन आले. एवढी मदत वाडीत कोणा जित्या माणसाला मिळाली नसेल. अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्टेथोस्कोप गळ्यात अडकवत त्या म्हणाल्या, "दीड-दोन वाजता आणला असता तर कदाचित वाचला असता." पोलीस आले तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, की आपण कामात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं ताराचंदची कपड्यांची पिशवी देऊन शालिकरामलाच सरकारी दवाखान्यात पाठवलं. सगळी रात्र त्यानं तळमळून काढली होती. आता ताराचंदच्या बायकोला सगळं सांगून टाकायचं, तिनं चार शिव्या हासडल्या तर त्या खाली मान घालून ऐकायच्या, असं ठरवूनच तो निघाला होता. शवागाराबाहेरच्या बाकावर ती बसली होती. सरिता तिचं नाव. गोदामाचा मुकादम नवऱ्याला उठवायला गेला होता, एवढं पोलिसांनी तिला सांगितलं होतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, उघडली नाही.

"अकरा वाजता फोन आला होता त्यायचा," ती सांगायला लागली. "म्हणे, उलट्या होऊन राहिल्या, डोकं भणभणून राहिलं. मी म्हटलं, गाडी तिथीच सोडा अन् बसनं घरी निघून या. तं म्हणे, काहून घाबरतं वं, इथी चाळीस माणसं हायेत. काही झालंच तं कोणी ना कोणी पाहीनच मले."

शालिकराम बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"मुकादमजी, खरं सांगा. त्या टायमाले तिथी कोणीच नव्हतं काय जी?"

मी होतो, हात लावून पाहिला होता, मला कळलं होतं. वाटेत घोकलेले हे शब्द अगदी ओठांशी आले. ती त्याच्याकडं पाहत होती.

"कोणीच नव्हतं बाई," तो म्हणाला. "जेवायची सुट्टी होती. सगळे निघून गेले होते."

तिला बरं वाटावं म्हणून आपण खोटं बोललो, असं त्यानं पुढं स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. ते काही त्याला पटलं नाही.

सरितानं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "माणसं असती तं कोणी पाणी तं पाजलंच असतं. माणसं अशी नसतात जी." आणि मग तिनं हात जोडले. "तुम्ही उठवायले तरी गेले. तुमचे लई उपकार झाले."

शालिकरामनंही हात जोडले.