दोन्ही दारं सारखी

ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दाजींनी दोनच कामं मनापासून केली: ट्रक, बोटी, इंजिनांची छोटी मॉडेल्स बनवणं आणि इतरांच्या मॉडेल्सना नावं ठेवणं. दुसऱ्या कामात हात जास्त बसला होता. मॉडेल क्लबच्या दारातल्या काचेच्या कपाटात वर्षातलं सर्वोत्तम मॉडेल ठेवत, आणि गेली अकरा वर्षं तिथे दाजींचंच काम होतं. बाकीचे सभासद त्यांच्या लेखी खेळण्यांना रंग फासणारे.

त्यात यंदा मेव्हण्याने हा उद्योग आरंभला. बायकोचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षं ट्रक चालवलेला, बोटं केळ्यांसारखी. त्याने स्वतःच्या जुन्या ट्रकचं मॉडेल केलं आणि प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी कौतुकाने दाजींच्या टेबलावर आणून ठेवलं. दाजींनी भिंग लावलं.

"हा रंग लावलायस की गिलावा केलायस?"

"जरा जाड झाला का, दाजी?"

"जरा? अरे, दाराची फटसुद्धा बुजली! बस इथे, बघ."

दाजींनी आपला ट्रक काढला. मेव्हणा काय करतोय हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम तोच ट्रक केला होता, म्हणजे गाढवांनाही फरक कळावा. त्यांनी कोरडा ब्रश चंदेरी रंगात जेमतेम टेकवला आणि फडक्यावर पुसायला लागले.

"किती पुसायचा?"

"रंग संपला असं वाटेपर्यंत. तुला वाटेल तेव्हा आणखी चार वेळा."

मग त्यांनी ब्रश ट्रकवरून अलगद फिरवला. रंग फक्त उंचवट्यांना धरला: दाराच्या कडा, पायरी, बोल्टची डोकी. बघता बघता नवी गाडी वीस वर्षं राबल्यासारखी दिसायला लागली. मेव्हण्याने आ वासला. दाजींना ते फार आवडलं.

मेव्हण्याने ट्रक उचलून या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

"दाजी, एक विचारू? ह्या गाडीवर दोन ड्रायव्हर होते का?"

"म्हणजे?"

"दोन्ही दारं सारखीच झिजलीत. माझ्या बाजूचं दार असंच व्हायचं, दिवसातून वीस वेळा चढउतार. पलीकडचं मात्र कोरं. तिकडे बसायला होतं कोण? आणि कोपर टेकून टेकून खिडकीखालचा रंग जायचा, तो तुमच्याकडे तसाच आहे."

तिथला पत्रा सपाट होता, ब्रशचा रंग तिथे धरतच नाही. मेव्हण्याच्या त्या गिलाव्यात मात्र खिडकीखाली तांदळाएवढा रंग खरवडलेला होता, आणि पलीकडचं दार कोरं करकरीत.

"ही कला आहे, गॅरेज नाही," दाजी गुरगुरले.

तो गेल्यावर त्यांनी जुनी मॉडेल्स काढली. बोट, ट्रॅक्टर, इंजिन, सगळ्यांच्या सगळ्या कडा एकसारख्या झिजलेल्या. कुणाचा हात कुठे पडतो, पाय कुठे पडतो, कशाचा पत्ता नाही. ट्रक सुधारायला दोन दिवस होते. पण सुधारला असता, तर मेव्हणा बरोबर ठरला असता. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! दाजींनी ट्रक तसाच नेला.

प्रदर्शनात नेहमीचे वाहवा करणारे वाहवा करून गेले. ह्यांना काय कळतंय, असं दाजींच्या मनात नेहमीप्रमाणे आलं, आणि यंदा ते खरं असल्याचं त्यांना बरंही वाटलं. मेव्हण्याचा ट्रक टेबलाच्या टोकाला, चहाच्या कपांशेजारी पडला होता.

अध्यक्षांनी दाजींचा ट्रक हातात घेतला. "कपाट पुन्हा ह्यांचंच! आणि आज आपल्यात खरेखुरे ड्रायव्हर आलेत, त्यांनाच विचारू या. काय हो, गाडी खरी वाटते ना?"

सगळे मेव्हण्याकडे वळले. अकरा वर्षांची अब्रू ह्या केळीबोट्याच्या एका वाक्यावर आली होती. त्याच्या जागी दाजी असते तर त्यांनी सगळ्यांदेखत दारं दाखवली असती, आणि वर चार टोमणे मारले असते.

मेव्हण्याने ट्रककडे पाहिलं, मग दाजींकडे.

"दाजींच्या हाताला तोड नाही," तो म्हणाला आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. मेव्हणा खोटं बोलला नव्हता. एखाद्या नवशिक्याला चारचौघांत सांभाळून घ्यावं, तसं त्याने दाजींना सांभाळून घेतलं होतं. दाजींना मान वर करवेना.