बाराला दहा कमी

विधानसभेच्या पूर्वेकडच्या उंच खिडक्यांतून आधी नुसता करडेपणा आत आला. त्या करड्यात दुधाचा थेंब पडावा तसा तो हळूहळू निवळला, घुमटाच्या कडेवर जरा रेंगाळला आणि मग जिना उतरावा तसा खाली येत बाकांवर, काढून ठेवलेल्या बुटांवर, घोरणाऱ्या एका टकलावर पिवळा होऊन पसरला. एझ्रा व्हिटकॉम तो उजेड पाहत होता, आणि पाहत नसल्याचे दाखवत होता. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होती. रात्रीची.

अधिवेशन मध्यरात्री संपलेच पाहिजे, असा कायदा होता. कामे मात्र तोवर कधीच संपत नसत. म्हणून शेवटच्या रात्री द्वारपाल जॅस्पर शिडीवर चढून लंबक थांबवी, आणि त्यानंतर कुणी खिडकीकडे पाहायचे नाही, अशी जुनी रीत. एकाने जरी उठून ‘उजाडले’ म्हटले, तरी सभा तिथेच बरखास्त.

कामांच्या यादीत एझ्राचा पूल अगदी शेवटी होता. अठरा वर्षांपूर्वी, पहिल्याच निवडणुकीत, त्याने विलो नदीवर पूल बांधण्याचा शब्द दिला होता. गावात आता त्याची विचारपूस कुणी करत नसे. भेटेल तो ‘पूल कुठवर आला?’ एवढेच विचारी. पुढच्या निवडणुकीला तो उभा राहणार नव्हता. गुडघे नको म्हणत होते.

पुलाचा पुकारा झाला आणि लायमन कॉब उठला. सरकारी तिजोरीवर नागासारखा बसलेला हा शहरातला वकील.

“अध्यक्ष महाराज, मला कोंबडा ऐकू आला.”

सभागृह खडबडून जागे झाले. एझ्रा बाकाला धरून उठला.

“कॉबसाहेब,” तो सावकाश म्हणाला, “आमच्याकडे मध्यरात्री आरवणारा कोंबडा रविवारी रश्श्यात जातो. तुमच्याकडे त्याला निवडून देतात वाटतं.”

बाके हसून हलली. टकलू गृहस्थही, काय झाले ते न कळताच, हसले. शेवटी कॉबलाही राहवेना.

“बरं म्हातारबुवा, कोंबडा मागे घेतो. पण मतं झटपट घ्या. नाश्त्याची... आपलं, रात्रीच्या जेवणाची भूक लागलीय.”

पूल मंजूर झाला. कॉबने मत विरोधातच दिले, आणि नंतर येऊन एझ्राची पाठ थोपटली. “पुलावरून पहिली घोडागाडी माझी हं.”

“माझ्यामागून या. अठरा वर्षं पाय भिजलेत माझे.”

अध्यक्षांनी हातोडा आपटला. बूट शोधत, गात, एकमेकांना ढकलत मंडळी पांगली. जॅस्परने शिडी आणली.

“चालू करू का, साहेब?”

एझ्राने बाकावरून हात फिरवला. त्याच्या पाइपने जळलेला काळा डाग बोटांना लागला.

“थांब की जरा. बाराला अजून दहा मिनिटं आहेत.”

“असू द्या. मला कसली घाई?” जॅस्पर शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला.

बाहेर दूधवाल्याच्या बाटल्या किणकिणत गेल्या. ऊन एझ्राच्या गुडघ्यांवर आले आणि तिथेच थांबले, उबदार.

“कर चालू,” तो म्हणाला. “उजाडलंय.”