सर्व्हरची खंडेनवमी

खंडेनवमीला कुणी कशाची पूजा करावी याला बंधन नाही. लातुरात त्या दिवशी ट्रॅक्टरला हार पडतो, न्हाव्याच्या वस्तऱ्याला गंध लागतं, गिरणीपुढं नारळ फुटतो. पण संगप्पाकाकांनी जे केलं ते अख्ख्या मराठवाड्यात कुणी केलं नसेल, आणि देवा, पुढंही कुणाला सुचू देऊ नको!

दसऱ्याच्या सकाळी शिवकन्या काकांच्या स्टुडिओत शिरली. काका लग्नांचं शूटिंग करायचे आणि ते सगळं ज्या सर्व्हरवर साठायचं, तो शिवकन्या सांभाळायची. बघते तर काय, आदल्या दिवशीची खंडेनवमीची पूजा अजून तशीच, चौरंगावर कॅमेरे मांडलेले, आणि त्यांच्यापुढं सर्व्हरच्या चारही डिस्का बाहेर काढून ओळीनं बसवलेल्या. प्रत्येकीला हळदीकुंकू, प्रत्येकीवर झेंडूचं फूल.

"काका! हे काय केलंत?"

"पूजा," काका म्हणाले. "खरं काम तर ह्याच करत्यात. बटन बंद करून, चांगल्या पुसून घेतल्या."

"अवो, पण चारी काढल्या?"

"तूच म्हणली न्हवतीस का, एक डिस्क काढली तरी काय बी होत न्हाई? म्या तर एकेक करूनच काढल्या!"

शिवकन्याला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली होती खरं. चौघींवर माल असा वाटलेला असतो की एक गेली तरी उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. पण दोन गेल्या की सगळं मातीत, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

आणि नेमकी आजच आज्जी येणार होती! मंजुळाबाई, लोह्याहून, आबांना घेऊन. उन्हाळ्यात शिवकन्याच्या बहिणीच्या, पुनमच्या लग्नात ग्यानोबा आबा हलगीवर नाचले होते. ज्या माणसानं भजनातसुद्धा कधी मान डोलावली नाही, तो फेटा सुटेपर्यंत नाचला. सगळ्या गावानं पाहिलं. नाही पाहिलं ते एकट्या मंजुळाबाईनं, कारण ती मागं आचाऱ्यापाशी तुपाचा डबा राखत बसली होती. तेव्हापासून तिनं धोसरा लावला होता, "शिवे, एकदा दाव गं मला." आबा मात्र साफ कानावर हात ठेवायचे. "म्या? आन् नाचलो? उगं काय बी." घरचंच लग्न म्हणून त्याचं एडिटिंग सगळ्यात मागं पडलेलं, आणि ते शूटिंग या चौघींशिवाय दुसरीकडं कुठंच नव्हतं.

"कुठल्या खणात कुठली होती, आठवतंय?"

"सगळ्या सारख्याच दिसत्यात की गं," काका म्हणाले. आता त्यांनाही घाम फुटला होता.

शिवकन्यानं हाताला येतील तशा डिस्का आत सरकवल्या आणि सर्व्हर चालू केला. काळ्या पडद्यावर अक्षरं आली. तिघीच दिसत होत्या, चौथीचा पत्ता नव्हता, आणि शूटिंगचा साठा उघडायलाच तयार नव्हता.

"आता गं? नव्यानंच बांध की सगळं," काका म्हणाले. "दसरा हाय."

"नव्यानं बांधलं की जुनं पुसलं, काका! हात नका लावू कशाला!"

तिनं mdadm --examine असं टाइप करून एकेकीला विचारलं. शाळेत हजेरी घ्यावी तसं उत्तर आलं. मी दुसरी. मी चौथी. मी पहिली. खण कुठलाही असो, आपला नंबर कुणी विसरलं नव्हतं! शिवकन्याला त्यांचे मुके घ्यावेसे वाटले. तिसरी तेवढी गप्प होती. उपसून पाहिलं तर तिच्या पिनांत कुंकू गच्च भरलेलं.

"राहू दे तिला बाहेर. तिघी पुरे."

तिनं तिघींना जोडायचा हुकूम लिहिला, डोळे मिटले आणि एंटर दाबलं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर उभं होतं: [UU_U]. तिसरीची जागा रिकामी, बाकी सगळ्या हजर! शिवकन्यानं अशी उडी मारली की खुर्ची मागं जाऊन पडली. काकांनी आनंदाच्या भरात दुसरा नारळ फोडला आणि पाणी सर्व्हरवर उडणार म्हणून तिनं त्यांना बाहेर हाकललं.

पुनमचं लग्न तिनं आधी या चौघींबाहेरच्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग लेन्सच्या ब्रशनं कुंकू झाडून तिसरीलाही आत घेतलं. तिचा माल पुन्हा भरायला लागतो तोच दारात मंजुळाबाई उभी. मागं आबा, नवा फेटा, चेहऱ्यावर सुतक.

शूटिंग लावलं. हलगी कडाडली आणि आबा गर्दीत घुसले. काय ते नाचणं! काका पोट धरून हसत होते, शिवकन्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मंजुळाबाई मात्र एकटक बघत होती. नाचता नाचता आबा मध्येच टाचा उंचावून गर्दीच्या मागं बघायचे, पुन्हा नाचायचे, पुन्हा बघायचे.

"अवो, सारखं मागं काय बघून राहिले? कुणाला हुडकत होते?"

आबांनी फेटा सारखा केला. "तुला. म्हणलं, कुठं मेली ही, तूप राखत. कुणासाठी नाचून राहिलो म्या?"

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "आता हाय की म्या हितं."

"हलगी कुठं हाय पण?"

काकांची नजर सर्व्हरच्या पत्र्यावर गेली, हात वर झाला, आणि शिवकन्या जीव खाऊन किंचाळली, "काका, ते सोडून काय बी वाजवा!"

काकांनी पूजेचं ताट उचललं. झेंडू, कुंकू सगळं फरशीवर सांडलं, आणि पहिल्या ठोक्याला आबांचा पाय हलला.